नाक्याच्या अलीकडे

मगदूम अण्णा आमच्या घरी आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मी पापडाचं पीठ मळत होते. पाच वर्षं मी त्यांच्याकडे कामाला होते, पण गडहिंग्लजच्या आमच्या घरात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, जोडून भिंतीला लावल्या आणि कॉटवर बसून पाणी मागितलं. पिठाचे हात तसेच धरून मी उभी राहिले.

माझी सात वर्षांची मुलगी कस्तुरी खाली बसून पाढे लिहीत होती. अण्णांनी तिला खाऊ म्हणून बेळगावी कुंद्याचा पुडा दिला. कितवीत आहेस, बाई कोण, शाळा किती वाजता सुटते, घरी कुणाबरोबर येतेस, सगळं प्रेमाने विचारलं. ती म्हणाली, बंडूकाकांच्या रिक्षातून.

"हिरव्या पडद्याची रिक्षा, तीच न्हवं?" अण्णा म्हणाले.

चौदा किलोमीटरवर संकेश्वरात राहणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीतल्या रिक्षाच्या पडद्याचा रंग ठाऊक असायचं काय कारण? मी कस्तुरीला शेजारी पिटाळलं. ती पुडा घेऊन उड्या मारत गेली.

अण्णांचं काम काय होतं ते आधी सांगते. ते घर तारण ठेवून पैसे द्यायचे. संकेश्वर कर्नाटकात, गडहिंग्लज महाराष्ट्रात, मध्ये हिटणीचा नाका. अण्णांकडे सावकारीचा परवाना होता, पण तो तिकडच्या राज्याचा. आमच्या राज्यात घरावर पैसे द्यायचे तर इथला परवाना लागतो, आणि तो त्यांच्याकडे नव्हता. मी कामाला लागले त्याच दिवशी त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, "वैजक्का, नाक्याच्या अलीकडं आपन फक्त चहा प्यायचा. पैशाचं नाव सुदिक काढायचं न्हाई."

म्हणून ज्याला पैसे हवे असत त्याला मी अण्णांच्या गाडीत घालून नाक्यापलीकडे न्यायची. तिथे दुकानात पैसे मोजायचे, घराचे मूळ कागद ठेवून घ्यायचे, आणि वर्षात पैसे फिटले नाहीत तर घर अण्णांना विकीन अशा करारावर सही घ्यायची. शेवटी दुकानाच्या पाटीखाली उभं करून फोटो. हातात नोटा, डोक्यावर कानडी पाटी. उद्या कुणी विचारलं की व्यवहार कुठे झाला, तर फोटोच दाखवायचा. साक्षीदार म्हणून सही माझी. महिन्याला सहा हजार मिळायचे आणि लोक मला ‘मॅडम’ म्हणायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू?

हे सगळं एकदाच चुकलं. आमच्या मागच्या गल्लीत इकबालभाई नदाफांचा गाद्यांचा कारखाना होता. पुढे दुकान, मागे घर. इकबालभाई नोव्हेंबरात गेले. त्यांच्या दवाखान्यासाठी पाहुण्यांकडून उचललेले पैसे परत करायचे होते आणि लग्नसराईच्या गाद्यांसाठी कापूस भरायचा होता, म्हणून मेहरूनभाभींनी माझ्याकडे चार लाखांचं विचारलं. पण त्या इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई चार महिने दहा दिवस घरातच राहते. मी अण्णांना सांगितलं की बाई गाडीत बसायच्या नाहीत. हातचं गिऱ्हाईक आणि तेही भर पेठेतलं घर, त्यांना सोडवेना. इद्दतीतल्या बाईच्या घरात बायका जाऊ शकतात म्हणून मला म्हणाले, पैसे तूच घरी ने, कागदावर संकेश्वर लिही, झालं.

जानेवारीत एके दिवशी सकाळी पिशवीत पैसे घालून मी गेले. आतल्या खोलीत अर्धवट भरलेली गादी पसरली होती, तिच्यावरच आम्ही दोघींनी नोटा मोजल्या. पावतीवर मी माझ्या अक्षरात तारीख घातली आणि खाली गाव लिहिलं. मेहरूनभाभींनी वाचून विचारलं, "मी तर हितंच बसलोय. संकेश्वर कशाला लिवलंस?"

"भाभी, ते नुसतं लिहायचं असतंय," मी म्हटलं.

त्यांनी पावतीवर आणि करारावर सही केली, घराचे कागद दिले. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. कस्तुरीच्या वेळी बाळासाठी गादी-उशी त्यांनीच करून दिली होती, पैसे घेतले नव्हते. तारखेकडे माझं लक्षच गेलं नाही. इद्दत संपल्यानंतरची तारीख घातली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि ही गोष्ट सांगायला मी आज बसले नसते.

वर्ष सरलं. भाभींनी निम्मे पैसे फेडले होते, पण करारात निम्म्याला किंमत नव्हती. अण्णांनी घराची मोजणी करायला माणसं पाठवली. मग भाभींच्या दिराने, गौसने, सावकारीच्या तक्रारी बघणाऱ्या सहायक निबंधकांकडे भाभींच्या नावाने अर्ज टाकला की परराज्यातल्या सावकाराने इथे घरी पैसे आणून देऊन घर तारण घेतलंय. कारखाना, घर, दोन लेकरं, सगळं त्या एका अर्जावर टेकलेलं होतं. आणि उद्या अकरा वाजता माझी साक्ष होती.

"सोप्पं हाय," अण्णा कॉटवरून म्हणाले. "बाई गाडीतनं आली, दुकानात बसली, पैसे मोजून घेतली, सही केली. एवढंच सांगायचं."

"अण्णा, पर ती इद्दतीत होती. गल्ली सगळी सांगंल."

"गल्ली गाडीत होती काय? तू होतीस." त्यांनी तांब्या खाली ठेवला. आवाज जराही चढला नव्हता. "आनि घरी नेऊन दिले म्हणालीस, तर दिले कोणी? मी तर पलीकडं. परवान्याशिवाय अलीकडं सावकारी केली कोणी, म्हणून विचारतील. तुझंच नाव येतंय की, बाळ."

मग त्यांनी पापडाच्या पिठाची चौकशी केली, हिंग कुठला घालतेस विचारलं. उठताना म्हणाले, "पोरीला जप." चपला घालून ते गाडीकडे गेले. मी दाराला कडी लावली आणि मागच्या दाराने धावत जाऊन शेजारून कस्तुरीला उचलून आणलं. ती कुंदा खात होती. मी तिच्या हातातून पुडा घेतला आणि मोरीत टाकला. ती रडायला लागली तर तिलाच एक धपाटा घातला. इतकी मी भ्याले होते.

संध्याकाळी आमचे हे टेम्पो लावून आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अण्णा म्हणतात तेच सांग, आपल्या घराचे कागदही त्यांच्याच कपाटात आहेत. ते खरं होतं. टेम्पोसाठी आम्हीही अण्णांकडून पैसे घेतले होते, आणि ते रीतसर नाक्यापलीकडे जाऊन. पाटीखाली उभं राहून दात काढलेला आमचा दोघांचा फोटोही होता. आधी आपलं घर बघ, हे म्हणाले. मी त्यांच्यावर खवळले. इथे मला पोरीची काळजी पडलीय आणि तुम्हाला घर सुचतंय, असं मी त्यांना तडकाफडकी सुनावलं. ते बिचारे गप्प जेवले.

दुसऱ्या दिवशी कस्तुरीला शाळेत पाठवलं नाही, आईकडे नेऊन सोडलं. निबंधकांचं कार्यालय माडीवर होतं. वर बाकावर मेहरूनभाभी आणि गौस आधीच येऊन बसले होते. भाभींनी मला बघितलं आणि सरकून जागा केली. कस्तुरीचा खोकला थांबला का, असं त्यांनी विचारलं. मी थांबला म्हटलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. अण्णा आले, सगळ्यांना नमस्कार केला, भाभींनाही.

निबंधक तिरोडकर मॅडम तळकोकणातल्या, बोलायला नेटक्या. त्यांनी आम्हाला टेबलाभोवती बसवलं आणि आधीच स्पष्ट सांगितलं, "प्रश्न एकच आहे. पैसे कुठे दिले. इथे दिले असतील, तर परराज्याच्या परवान्यावर यांना तसं करता येत नाही, मी घराचे कागद परत द्यायला लावीन. तिकडे दिले असतील, तर हा विषय माझ्याकडे येत नाही. मग कोर्टात करार बोलेल."

मग त्यांनी अण्णांना विचारलं की बाकीच्या सगळ्यांचे दुकानाच्या पाटीखालचे फोटो आहेत, या बाईंचा का नाही. अण्णा म्हणाले, त्या दिवशी फोन पाण्यात पडला होता. मॅडमांनी ते लिहून घेतलं आणि भाभींकडे वळल्या.

भाभी म्हणाल्या, "चार महिने धा दिवस मी उंबऱ्याभायेर पाय ठेवला न्हाई. पैसे घरात आले."

"कुणी आणले?"

मॅडमांनी पुन्हा विचारलं.

"आठवत न्हाई."

चार लाख रुपये कुणी हातात आणून ठेवले ते आठवत नाही, असं कसं, मॅडम जरा चिडूनच म्हणाल्या. गौसने भाभींच्या कानाशी काहीतरी सांगितलं. भाभींनी नकारार्थी मान हलवली. "आठवत न्हाई, मॅडम," त्या पुन्हा म्हणाल्या.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्या माझं नाव घेणार नव्हत्या. नाव घेतलं तर माझ्यावर केस होणार हे त्यांना गौसने किंवा कुणीतरी सांगितलं असणार. त्यांची बाजू माझ्या नावावाचून लंगडी पडत होती आणि तरी त्या तोंड मिटून बसल्या होत्या. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं ते एवढंच, की सुटले.

मग मॅडमांनी मला विचारलं. पावतीवर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे, बाई संकेश्वरला आल्या होत्या का? टेबलावर काच होती. काचेखाली कुठल्या तरी गावांचे दूरध्वनी क्रमांक होते. मी ते वाचत म्हणाले, "व्हय. गाडीतनं आल्या होत्या."

"इद्दतीत असताना?"

"व्हय."

गौस सावकाश माझ्याकडे वळला. त्यांच्यात ह्या गोष्टीचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक होतं. नवऱ्याला जाऊन अडीच महिने झाले नाहीत तोच बाई पैशांसाठी परक्याच्या गाडीत बसून दुसऱ्या राज्यात गेली, असं मी सरकारी टेबलावर, तिच्या दिरासमोर सांगितलं होतं. अण्णा खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत होते.

"या म्हणतात तुम्ही गेला होतात," मॅडम भाभींना म्हणाल्या. "तुमचं काय म्हणणं आहे? नीट विचार करून सांगा."

भाभींनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. माझे हात काचेवर होते आणि थरथरत होते, काच बारीक वाजत होती. त्या किती वेळ बघत होत्या मला सांगता येणार नाही.

"ती म्हणती तर गेलो असंन," त्या म्हणाल्या.

गौस ताडकन उठला. भाभींनी त्याला बस म्हटलं. तो बसेना, तेव्हा त्याची बाही धरून खाली ओढलं. मग मॅडमांना म्हणाल्या, "तिला आनी काय इचारू नका. तिची पोरगी ल्हान हाय."

मॅडमांनी पेन खाली ठेवलं. एकदा भाभींकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पण कळून काय करणार? त्यांना कुणीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी कारकुनाला जबाब लिहायला सांगितलं. मग त्याने वाचून दाखवलं: अर्जदार पतीनिधनानंतर इद्दतीच्या काळात स्वतः संकेश्वर येथे गेल्याचे व तेथे रक्कम स्वीकारल्याचे मान्य करते.

गौसने डोळ्यांवर हात धरला. कारकुनाने कागद भाभींपुढे सरकवला आणि पेन दिलं. भाभींनी पदर सारखा केला, कागदावर सहीची जागा बोटाने शोधली आणि पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, ते खोडा," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण इतका चिरका, की कारकुनाला कळलंच नाही. त्याने विचारलं, काय? मी पुन्हा म्हटलं. मग मला थांबता येईना.

"पैसे मी दिले. त्यांच्या घरात, गादीवर मोजून दिले. त्या कुठं गेल्या न्हाईत. कागदावर गाव मी लिहिलं, तारीख मी घातली, अक्षर माझंच हाय. अण्णांनी दिले होते, मी नेले."

"बाई घाबरलीय," अण्णा शांतपणे म्हणाले. "तिला पानी द्या."

"घाबरल्या आहेत हे दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "पण आधी घाबरल्या होत्या की आता, ते मी ठरवीन." त्यांनी कारकुनाच्या हातातला तो कागद घेतला, त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि नवा कोरा कागद लावायला सांगितला. मला म्हणाल्या की जे सांगाल त्याने तुमच्यावरही गुन्हा येईल, समजून सांगा. मी समजून सांगितलं. ह्याला कुणी धाडस म्हणू नये. माझा परकर घामाने पायांना चिकटला होता आणि मधे एकदा मला बाहेर जाऊन ओकावं लागलं. परत येऊन मी उरलेलं सांगितलं आणि सही केली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. सात महिन्यांनी हुकूम झाला, मेहरूनभाभींना घराचे कागद परत मिळाले. कारखाना आजही आहे. गुन्हा अण्णांवर आणि माझ्यावर दाखल झाला, चार वर्षं मी तारखांना जात होते, मग मला माफीचा साक्षीदार केलं. आमच्या घराचं मात्र कुठल्याच कायद्याने काही होईना. आमचे पैसे खरोखरच नाक्यापलीकडे दिलेले होते, फोटोत आम्ही हसत होतो. करारावर बोट ठेवून अण्णांनी घर मागितलं, पुढच्या दिवाळीच्या आधी आम्ही ते सोडलं, तेव्हापासून भाड्याने राहतो. कस्तुरीला कुणी कधी काही केलं नाही. तरी दोन वर्षं मी तिला शाळेत सोडायला आणि आणायला स्वतः जात होते, आणि रिक्षाचा हिरवा पडदा दिसला की अजून मी रस्त्यातच थबकते.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचंच आहे. सह्या झाल्यावर मी खाली आले. अण्णा आधीच गेले होते. जाताना माझ्या खुर्चीजवळ थांबून त्यांनी फक्त मान हलवली होती, एखादं पोर परीक्षेत नापास झाल्यावर मास्तर हलवतात तशी. अंगणात भाभी एकट्याच उभ्या होत्या, गौस मोटारसायकल काढायला गेला होता. मी त्यांच्याकडे गेले. खरं सांगायचं तर मला काहीतरी हवं होतं. त्या माझा हात धरतील, रडतील, निदान बरं केलंस म्हणतील, असं वाटत होतं. मी माझं सगळं त्यांच्यासाठी पणाला लावून आले होते ना.

भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी खोटं का बोललीस?"

"भ्यालो, भाभी."

"भ्यालो तर मी बी." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "मी खोटं बोललो ते तुज्यासाठी. तू कुणासाठी बोललीस?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पोरीसाठी, असं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात गौस गाडी घेऊन आला, भाभी मागे बसल्या, आणि माझ्या उत्तरासाठी मान वळवून थांबल्या. मी तोंड मिटून घेतलं. वर त्या टेबलापाशी ‘व्हय’ म्हणताना मला कस्तुरी एकदाही आठवली नव्हती. आठवलं होतं ते अण्णांचं कपाट, आणि त्यातले आमच्या घराचे कागद.